मोटारीचा अस्थिपंजर

सहलीचे दिवशीं पहांटे आम्ही डबे घेऊन उभे होतों, आणि ड्रायव्हरमामा बॅटरी घेऊन गाडीखालीं उताणे पडले होते. अर्ध्या तासानें बाहेर येऊन ते म्हणाले, “आज गाडी हलणार नाहीं, बाळांनो. मागल्या पाट्यापाशीं चासीला चीर आहे.” आम्ही पुष्कळ कुरकुरलों. मग त्यांनीं ती केसाएवढी चीर आम्हांस दाखविली, तेव्हां कोठें आमचीं तोंडें बंद झालीं. त्या दिवशीं जें समजलें, तें येथें थोडक्यांत सांगतों.

शरीरास जसा अस्थिपंजर, तशी गाडीस चासी. बस व मालमोटार यांची चासी बहुधा शिडीसारखी असते: पोलादाच्या दोन लांब तुळया व त्यांस जोडणारे आडवे दांडे. तुळईचा छेद कंसासारखा असतो. भारानें दोन आंसांमधील तुळई वांकूं लागली म्हणजे तिची वरची कड दाबली जाते व खालची ताणली जाते. मधल्या उभ्या भागावर हा ताण थोडा येतो. म्हणून भोंकें त्या उभ्या भागांत पाडतात. कडेला भोंक पाडलें, किंवा वाटेल तेथें वेल्डिंग केलें, तर तेथूनच चीर सुरू होण्याचें भय असतें. लहान मोटारींत निराळी चासी बहुधा नसते. पत्र्याचें कवच हाच तिचा सांगाडा. ही रचना इटलींतील लॅन्सिया कारखान्यानें १९२२ सालीं ‘लॅम्डा’ गाडींत योजिली होती.

चासीचे शत्रु दोन: गंज आणि अतिभार. ओल व हवेंतील प्राणवायु यांच्या योगानें लोखंड गंजतें. मिठानें तें काम झपाट्यानें होतें. म्हणून समुद्रकांठच्या गाड्यांस अधिक जपावें लागतें. सांदींत बसलेला चिखल ओल धरून ठेवतो. तेव्हां गाडीचें पोट गोड्या पाण्यानें धुवावें, पाणी वाहून जाण्याचीं भोंकें मोकळीं ठेवावीं, आणि गंज दिसतांच घासून रंग द्यावा. पाट्यांचे बोल्ट सैल राहिले तर मधला बोल्ट तुटून आंस सरकतो व गाडी तिरकी चालते. यासाठीं ते वेळोवेळीं आवळून घ्यावे. अतिभारास मात्र औषध नाहीं. तो घालूंच नये. चीर एकदां पडली कीं प्रत्येक खड्ड्याबरोबर ती थोडी थोडी वाढत जाते, आणि वरून पाहणारास कांहींच दिसत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं दुरुस्त झालेल्या गाडींतून आम्ही सहलीस गेलों. चढण्यापूर्वीं आम्हीं सर्वांनीं वांकून तिच्या पोटाखालीं पाहून घेतलें. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलें ज्या गाडींतून शाळेस येतात, तिच्या पोटाखालीं कोणी केव्हां पाहिलें होतें, हें अधूनमधून विचारीत जावें.