जुन्या ग्रंथांतील चुका शोधणारा वैद्य
वनस्पतीची ओळख चुकली, तर औषधाचे विष व्हायला वेळ लागत नाही. सोळाव्या शतकातील चिनी वैद्य ली शिजेन (१५१८-१५९३) यांना अशा चुका थेट मान्यवर ग्रंथांतच आढळल्या. कुठे एकाच नावाखाली दोन वनस्पती, तर कुठे एकाच वनस्पतीची दोन नावे. शासकीय परीक्षेत तीनदा अपयशी ठरलेल्या ली यांनी वैद्य वडिलांकडे धडे घेतले होते. पुढे रानोमाळ हिंडून, शेतकरी-कोळ्यांना विचारून त्यांनी २७ वर्षे नोंदी पडताळल्या. १५७८मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘बेनत्साओ गांगमू’त १,८९२ द्रव्ये आहेत. अमरत्वासाठी पारा घेण्याचा जुना सल्लाही त्यांनी खोडून काढला. त्यांचे सगळे दावे आज टिकत नाहीत. पण छापील शब्दही तपासून घेण्याची त्यांची सवय प्रत्येक वैद्याने उचलावी अशीच आहे.