चाकें फिरतात, पण गाडी कां सुटत नाहीं?

अमेरिकेंत ‘ड्रॅग रेस’ नांवाची मोटारींची एक शर्यत फार लोकप्रिय आहे. दोन गाड्या शेजारीं उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतांच सुटतात आणि सरळ पाव मैल, म्हणजे १३२० फूट, धांवतात. कॅलिफोर्नियांतील सँटा ॲना येथें विमानतळाच्या धांवपट्टीवर १९५० सालीं अशा शर्यती भरूं लागल्या. १९५१ सालीं वॉली पार्क्स यांनीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. हेतु हा कीं, तरुणांनीं रहदारीच्या रस्त्यावर जिवाशीं खेळ न करतां बंदिस्त पट्टीवर हौस भागवावी. रोजच्या वापरांतील साधी मोटार घेऊन तेथें उतरणारे आजहि पुष्कळ आहेत.

अशा नवख्या माणसाची बहुधा एकच फजिती होते. दिवा लागतांच तो ॲक्सिलरेटर पुरता दाबतो. चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात, धूर निघतो, आणि शेजारची कमी शक्तीची गाडी पुढें निघून जाते. असें कां व्हावें?

इंजिन चाक फिरवितें खरें, पण गाडीला पुढें ढकलतो तो रस्ता. चाक रस्त्याला मागें रेटतें, रस्ता चाकाला पुढें रेटतो. हा रेटा चाकावरील भारावर आणि रबराच्या पकडीवर अवलंबून असतो. चाक किंचितच घसरत असतां पकड सर्वांत अधिक असते. तें बेफाम फिरूं लागलें कीं ती घटते. म्हणून क्लच एकदम सोडूं नये व ॲक्सिलरेटर क्रमाक्रमानें दाबावा.

आतां भाराचें गणित पाहूं. १५०० किलोग्रॅम वजनाची गाडी घ्या. तिच्या दोन आंसांत अंतर २.७ मीटर, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५४ मीटर उंच. गुरुत्वप्रवेगाच्या निम्म्या प्रवेगानें ती सुटली, तर १५० किलोग्रॅम भार पुढल्या चाकांवरून मागल्या चाकांवर जातो. इंजिन मागलीं चाकें फिरवीत असेल तर हा फायदा. पुढलीं फिरवीत असेल तर तेवढाच तोटा. अशा गाडीनें अधिकच हळुवार सुटावें.

टायरांकडेहि लक्ष हवें. इंजिन जीं चाकें फिरवितें त्यांतील हवा थोडी कमी केल्यास रबर जमिनीला अधिक टेकतें. फार कमी केली तर टायरच्या बाजू लुळ्या पडतात आणि वेगांत गाडी डुलूं लागते. म्हणून थोडी थोडी कमी करावी, व पहिल्या ६० फुटांस लागलेला वेळ प्रत्येक खेपेस टिपून ठेवावा. पट्टीवरील यंत्र तो मोजून देतें. घरीं निघण्यापूर्वीं हवा पूर्ववत् भरावी. आरंभरेषेमागें पाणी टाकलेली जागा असते. तेथें शर्यतीचे खास टायर भिजवून, फिरवून तापवितात. साध्या टायरांनीं ती टाळावी, कारण त्यांच्या खांचांतलें पाणी पुढें रेषेवरच ठिबकतें. कोरड्या जागीं क्षणभर चाकें फिरवून धूळ झटकावी, म्हणजे पुरे.

शेवटीं एक इशारा. शर्यतीच्या पट्टीवर चिकट राळ फवारलेली असते व रबराचा थर बसलेला असतो. आपल्या रस्त्यांवर वाळू, तेल आणि मुलेंबाळें असतात. तेथली परीक्षा येथें देऊं नये. मात्र पावसाळ्यांत गाडी चिखलांत रुतली, तर हाच नियम आठवा: ॲक्सिलरेटर दाबाल तितकें चाक खड्डा खोल करील, पाय हलका ठेवाल, तर गाडी निघण्याची आशा अधिक.