जुनी फोर-व्हील गाडी घेताना



उसाचे बिल हाती आले की घरात जुन्या फोर-व्हील गाडीचा विषय निघतो. १९९८ साली बाजारात आलेली टाटा सफारी पुष्कळांच्या मनात असते. पण प्रत्येक सफारीला ही सोय नाही, तेव्हा आधी खात्री करा. पहिलीच खरेदी असेल तर बैल पाहतो तशी गाडी पाहावी. रंगाला भुलू नये.

इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. धूर निळा आला तर इंजिन ऑईल खाते, असे समजावे. खाली वाकून चासी पाहा. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर सौदा सोडा. मग मोकळ्या मातीत चारही चाकांची जोड टाकून पाहा. कोरड्या डांबरावर ती टाकू नये. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक निघतो, डांबरावर त्याचा ताण गिअरच्या दात्यांवर येतो. म्हणूनच चारही टायर एकाच मापाचे हवेत.

पंधरा वर्षांवरील गाडीचे नोंदणी नूतनीकरण झाले आहे का, आर.सी.वर कर्जाचा बोजा आहे का, हे इसार देण्यापूर्वीच पाहा.

सगळा पैसा खरेदीत घालू नका. दुरुस्तीला राखून ठेवा. आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर. मग रेडिएटर, पाईप आणि सर्व ऑईल. रंग सगळ्यात शेवटी. ब्रेकची खात्री पटल्याशिवाय घरची माणसे गाडीत बसवू नका.

— ऊस विकास अधिकारी