तळं आटलं, राज्य उभं राहिलं

इजिप्त शिकवताना मी नाईलपासून सुरुवात करत नाही. नकाशावर अबू सिंबेलच्या पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर बोट ठेवते: नाब्ता प्लाया. आज नुसती वाळू. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी इथे पावसाळ्यात तळं भरायचं. काठावरचे लोक गुरं राखत, विहिरी खणत, रानटी ज्वारीचे दाणे साठवत. ज्वारी म्हटलं की मागच्या बाकावरची पोरंही माना वर करतात! पुढे या तळ्याकाठच्या लोकांनी एका गाईला मातीने लिंपलेल्या खड्ड्यात, वर दगड रचून, मानाने पुरलं.

हा पाऊस आला कुठून? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एक फेरा जवळपास २६,००० वर्षांचा. त्या काळी उत्तर गोलार्धातला उन्हाळा अधिक कडक होता, म्हणून आफ्रिकेतला मोसमी पाऊस सहारात खोलवर पोचायचा. हळूहळू तो दक्षिणेला हटला. इसवी सनपूर्व ३५०० च्या सुमारास पूर्व सहारा जवळजवळ ओस पडला.

काही गुराखी सुदानकडे गेले, काही नाईलच्या चिंचोळ्या खोऱ्यात. माणसं दाटली, गावं फुगली, त्यांवर सरदार बसले. इसवी सनपूर्व ३१०० च्या आसपास, नार्मर राजाच्या काळात, उत्तर-दक्षिण इजिप्त एक झाले. नार्मरच्या कोरीव पाटीवर राजाच्या कमरेला बैलाची शेपूट लोंबते, ती मला गुराख्यांचीच खूण वाटते. तरी सगळं श्रेय दुष्काळाला द्यायला मी तयार नाही. गहू आणि जव पश्चिम आशियातून त्याआधीच खोऱ्यात पोचले होते.