दहावी-बारावीनंतरचा प्रवेश : तयारी नववीपासूनच हवी

कापडाच्या धंद्यात दिवाळीचा माल दिवाळीत भरत नाहीत. दोन-तीन महिने आधीच सुरत-मुंबईच्या व्यापाऱ्याशी बोलणे करावे लागते. राहात्यातला लहानातला लहान दुकानदारही हे जाणतो. पण त्याच्याच घरातले मूल दहावी-बारावीला गेले की हा हिशेब बाजूला राहतो. निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि मग विचारणा सुरू होते, आता पुढे काय? तोवर अर्जाची मुदत संपत आलेली असते.

आमच्या तालुक्यात शिक्षणाच्या सोयी नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. लोणीला प्रवरा साखर कारखान्यापाठोपाठ १९६४ साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था उभी राहिली. आज तेथे तंत्रनिकेतनापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत सर्व आहे. कोपरगावला संजीवनी, श्रीरामपूरला बोरावके महाविद्यालय आहे. मुलेमुली रोज एसटीने जाऊन-येऊन शिकू शकतात. मग गाडे अडते कुठे? बहुतेक वेळा गुणांवर नव्हे, कागदांवर अडते.

नियम बदलले आहेत

अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सर्व राज्यात ऑनलाइन झाला आहे. कॉलेजात जाऊन ओळखीने फॉर्म भरण्याचे दिवस गेले. पसंतीक्रम घरी बसून नीट ठरवावा, कारण पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथेच प्रवेश घ्यावा लागतो.

तीन वर्षांच्या डिप्लोमाला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. तो पुरा करणाऱ्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. बीसीए, बीबीएसाठी मात्र २०२४ पासून सीईटी द्यावी लागते. बारावीच्या निकालानंतर पाहू, असे म्हणणाऱ्यांची येथे फसगत होते.

आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एमएचटी-सीईटीमध्ये भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न उर्दूतूनही मिळतात, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. उर्दू शाळेतील मुलांनी गणितातील इंग्रजी शब्द आठवी-नववीपासूनच तोंडपाठ करावेत.

दाखल्यांचा हिशेब

पहिली गोष्ट नावाची. शाळेच्या रजिस्टरात 'शेख', आधार कार्डावर 'शैख', एके ठिकाणी 'मोहम्मद', दुसरीकडे 'महंमद', असा घोळ आपल्या घरोघरी आहे. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती होऊ शकते. शाळा सुटल्यावर हेच काम फार जड जाते.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-चुलत आजोबांच्या शाळेच्या नोंदीत बिरादरीऐवजी नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते, आणि तेथेच प्रकरण थांबते. जुने दाखले, जमिनीचे कागद शोधायला महिने लागतात. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी पुढे जात पडताळणी करावी लागते, तिलाही वेळ जातो. नॉन क्रिमीलेअर दाखल्याची मुदत वेगळी पाहावी.

जे ओबीसी यादीत नाहीत, त्यांनीही निराश होऊ नये. कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी २०१९ पासून ईडब्ल्यूएसच्या दहा टक्के जागा आहेत. हा दाखला आपल्याला मिळत नाही, असा गैरसमज पुष्कळांचा आहे. दाखल्याला धर्माची अट नाही.

मुलींच्या पालकांनी तर हे लक्षात ठेवावेच. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी व ईडब्ल्यूएस घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. अट एवढीच की प्रवेश सरकारी फेरीतून व्हावा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. एका दाखल्याअभावी हुशार मुलगी घरी बसते किंवा बाप कर्ज काढतो, हे नुकसान कोणत्या वहीत लिहायचे?

दुकान आणि तालीम

'शेवटी दुकानच सांभाळायचे आहे,' असे म्हणून मुलाला बारावीनंतर गल्ल्यावर बसवणारे पुष्कळ आहेत. गल्ला आणि पदवी यांचे वैर नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, जे १९८९ साली स्थापन झाले, दुकान सांभाळून बी.कॉम. करता येते. कापडातच राहायचे असेल तर इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत वस्त्रोद्योगाचे शिक्षण मिळते. जीएसटीचे विवरणपत्र स्वतः समजणारा आणि कापडाचा पोत ओळखणारा मुलगा बापाचा धंदा वाढवतो.

तेव्हा पालकांनी सरळ वाटणी करावी. नववीत नावे जुळवावीत आणि जुने पुरावे शोधावेत. दहावीत जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला हाती घ्यावा. अकरावीत कोणती सीईटी द्यायची ते ठरवावे. बारावी सुरू होताच पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत द्यावा, आणि सर्व कागद एका फाइलीत ठेवावेत. ज्यांच्या घरी यंदा मूल नववीत आहे, त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आजच आधार कार्ड आणि शाळेतील नाव ताडून पाहावे.