जाहिरात लागताच टीव्ही का ओरडतो? आवाज मोजतात कसा?

रात्री रावेतच्या फ्लॅटमध्ये सिनेमा लावला. संवाद पुटपुटल्यासारखे, म्हणून आवाज वाढवला. तोच जाहिरात कडाडली आणि पहाटे चाकणला पहिल्या पाळीला जाणारा घरचा माणूस जागा झाला.

जाहिरातीचा आवाज अति मोठा नको, असे १९९४ चे केबल टीव्ही नियम सांगतात. पण 'मोठा' ठरवायचा कसा?

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीएस-१७७० ही पद्धत आणली. कानाला जाणवेल तसा प्रत्येक चॅनेलचा सरासरी जोर काढून बेरीज होते. सराउंडमध्ये मागच्या चॅनेलना १.४१ पट वजन. सबवूफरचा चॅनेल मोजत नाहीत. उत्तर 'एलयूएफएस'मध्ये येते. युरोपीय प्रसारणात स्टिरिओ असो वा सराउंड, लक्ष्य एकच : उणे २३.

मेख अशी, की ५.१ मिक्स दोन स्पीकरवर उतरले की हा आकडा बदलू शकतो. म्हणून ते पुन्हा मोजावे लागते.

घरी दोनच स्पीकर असतील, तर ऑडिओ पर्यायात ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडून पाहा.