गळीत हंगामात नव्या गाडीचा रंग
नव्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरतात; चकाकी देणारा वरचा पारदर्शक क्लिअर कोट त्यातला निम्म्याहून कमी. माळेगाव, भवानीनगर परिसरात साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात गाडीवर बसणारी बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख सिलिकायुक्त, म्हणून खरखरीत असते. ती कोरड्या फडक्याने पुसणे ही सर्वांत महागात पडणारी सवय. आधी भरपूर पाणी मारावे, मगच शॅम्पू लावावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी उन्हात वाळले की पांढरे डाग धरतात. भिगवणकडे पक्षी खूप; त्यांची विष्ठा गाडीवर पडली, तर लगेच भिजवून काढावी. नख न अडकणारा ओरखडा बहुधा पॉलिशने जातो. खोल ओरखड्याला गाडीच्या रंग-कोडचा टचअप लागतो; पत्रा उघडा पडला असेल, तर त्याआधी प्रायमर.